क्रॉफर्ड प्रकरण आणि साक्षीदारांची अब्रू : सरकारी चौकशीतील न्याय्य कार्यपद्धतीचा विचार

१

खानदेश जिल्ह्याच्या नंदुरबार तालुक्यातील रनाळे या गावचा सारा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या मार्गाने सरकारी खजिन्यात जाई, तो मार्ग मुंबई इलाख्यातील इतर रयतवारी गावांच्या मार्गाहून निराळा नव्हता. गावात पाटील वसुली करी व कुलकर्णी हिशेब लिही. तालुक्याचा अधिकारी मामलेदार नंदुरबारास बसे, जिल्ह्याचा कलेक्टर धुळ्यास, आणि त्याच्यावरचा कमिशनर पुण्यास. खानदेश, नाशिक, अहमदनगर, पुणे, सोलापूर व सातारा हे जिल्हे ज्या मध्य विभागात मोडत, त्याची सूत्रे या कमिशनराच्या हाती असत. रनाळ्याच्या रयतेला हा कमिशनर जन्मात दिसण्याचे कारण नव्हते. तिच्या दृष्टीने सरकार म्हणजे मामलेदार. साऱ्याची सूट व तहकुबी त्याच्या अभिप्रायावर अवलंबून असे, आणि मॅजिस्ट्रेट या नात्याने लहानसहान फौजदारी कज्जांचा निवाडाही तोच करी. परंतु त्या मामलेदाराची नेमणूक, बदली व बढती या गोष्टी पुण्याच्या कमिशनराच्या मर्जीवर अवलंबून असत.

या साखळीतील वरचे टोक १८८८ मध्ये सरकारी चौकशीच्या कक्षेत आले. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांनी मामलेदारांकडून बदल्याबढत्यांसाठी पैसे घेतले, असा आरोप मुंबई सरकारने त्यांच्यावर ठेवला, आणि त्याची चौकशी करण्यासाठी कमिशन नेमले. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात हे प्रकरण मुख्यतः टिळकांच्या आरंभीच्या चळवळींपैकी एक म्हणून सांगितले जाते. तथापि त्याला दुसरीही एक बाजू आहे, आणि तिचे महत्त्व आजही ओसरलेले नाही. ज्याच्यावर आरोप होता त्याला कायद्याने आपला बचाव करण्याची पूर्ण संधी दिली. परंतु ज्यांच्या जबान्यांवर तो आरोप उभा होता, त्यांना अशी कोणतीही संधी नव्हती. आणि अखेरीस ज्यांचा लौकिक सर्वांत अधिक धुळीस मिळाला ते हेच होत. न्याय्य कार्यपद्धतीचे कवच केवळ आरोपीपुरते बेतले, तर अब्रूची हानी नाहीशी होत नाही. ती साक्षीदाराकडे सरकते, हा या प्रकरणाचा खरा धडा होय. तो कसा निघतो हे पाहण्यासाठी प्रथम प्रकरणाची हकीकत लक्षात घेतली पाहिजे.

२

क्रॉफर्ड हे सामान्य अधिकारी नव्हते. १८६५ मध्ये मुंबई शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि शहराची स्वच्छता, रस्ते व मंडई यांच्या सुधारणेत त्यांनी जे धडाडीचे काम केले त्याची खूण म्हणून क्रॉफर्ड मार्केट हे नाव पुढे शतकभर मुंबईकरांच्या तोंडी राहिले. त्यांच्या कर्तृत्वाइतकाच त्यांचा खर्चिकपणाही प्रसिद्ध होता. म्युनिसिपालिटीच्या कारभारातही खर्चाच्या प्रश्नावरूनच त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. पुढे जिल्ह्यांचे कलेक्टर व नंतर कमिशनर या जागांवर असताना कर्जाच्या ओझ्याखाली ते अधिकाधिक दबत गेले.

लॉर्ड रे हे मुंबईचे गव्हर्नर असताना, १८८८ च्या उन्हाळ्यात, क्रॉफर्ड यांचे दलाल समजले जाणारे हनमंतराव राघवेंद्र यांच्याविरुद्ध कारवाई सुरू झाली, आणि जुलै महिन्यात खुद्द क्रॉफर्ड यांना निलंबित करण्यात आले. त्यानंतर ते वेष पालटून पुण्यातून निसटले व मुंबईत पकडले गेले. या एका कृतीने लोकमताच्या दरबारात त्यांचा निकाल जवळजवळ लागूनच गेला. हनमंतरावांवर स्वतंत्र खटला होऊन त्यांना शिक्षा झाली.

क्रॉफर्ड यांच्यावर मात्र फौजदारी खटला झाला नाही. सरकारी नोकरांच्या गैरवर्तनाच्या चौकशीसाठी केलेल्या १८५० च्या ३७ व्या कायद्याखाली कमिशन नेमण्यात आले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती आर्थर विल्सन हे त्याचे अध्यक्ष, आणि क्विंटन व क्रॉस्थवेट हे मुंबई इलाख्याबाहेरून आणलेले दोन मुलकी अधिकारी त्याचे सभासद होते. अशी निवड करण्यातील हेतू उघड आहे. आरोप करणारे मुंबई सरकार. तेव्हा निर्णय करणारे त्या सरकारच्या प्रभावाबाहेरचे असावेत, हे न्यायाचे मूलतत्त्व येथे पाळले गेले.

१८५० चा कायदाही त्या काळाच्या मानाने आरोपीच्या हिताची बरीच काळजी घेणारा होता. आरोप कलमवार लिहून काढावे लागत. त्यांची नक्कल, तसेच पुराव्यात येणारे कागद व साक्षीदार यांची यादी चौकशीच्या किमान तीन दिवस आधी आरोपीच्या हाती पडावी लागे. सरकारी बाजूचे साक्षीदार तपासल्यावर त्यांची उलटतपासणी करण्याचा व स्वतःचा पुरावा पुढे आणण्याचा आरोपीला हक्क होता. क्रॉफर्ड यांनी बॅरिस्टरांच्या साहाय्याने या सर्व हक्कांचा पुरेपूर उपयोग केला. १८८८ च्या अखेरीस पुण्यास चाललेल्या या कामातील जबान्यांची हकीकत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होत होती, आणि मराठी वाचकवर्ग ती उत्सुकतेने वाचत होता.

३

येथवरचा भाग पाहता ही चौकशी आदर्शवत् वाटावी. पण सरकारी बाजूचा पुरावा कसा गोळा झाला हे पाहिले म्हणजे चित्र पालटते.

लाच देणे व घेणे हे दोघांतील गुप्त कृत्य होय. त्याचा पुरावा देणारा बहुधा देणाराच असतो. मामलेदारांनी पुढे येऊन ‘आपण पैसे दिले’ असे सांगितल्यावाचून क्रॉफर्ड यांच्याविरुद्ध काहीच सिद्ध होण्यासारखे नव्हते. आणि तसे सांगणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी व स्वातंत्र्य धोक्यात घालणे होते. हा पेच सोडविण्यासाठी मुंबई सरकारने तपासावरील अधिकारी ऑमनी यांच्यामार्फत मामलेदारांना अभयवचन दिले. खरी हकीकत सांगणाऱ्यावर खटला होणार नाही, इतकेच नव्हे तर त्याच्या नोकरीलाही धक्का लागणार नाही, असा त्या वचनाचा आशय होता. या भरवशावर अनेक मामलेदारांनी जबान्या दिल्या.

या वचनाचे कायदेशीर स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे. सहआरोपीला माफी देऊन साक्षीदार करण्याची पद्धत त्या वेळच्या कायद्याला अपरिचित नव्हती. १८८२ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात माफीच्या साक्षीदाराची तरतूद होतीच. परंतु ती माफी मॅजिस्ट्रेटने, ठराविक गुन्ह्यांत व ठराविक रीतीने द्यावयाची असे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानेही, उत्तर देण्याची सक्ती झालेल्या साक्षीदाराचे उत्तर त्याच्याविरुद्ध वापरण्यास मनाई केली होती. मामलेदारांना मिळालेले अभय यांपैकी कोणत्याही चौकटीत बसत नव्हते. ते केवळ कार्यकारी सरकारचा शब्द होते. त्या शब्दामागे कायदा नव्हता. आणि ज्या सरकारने तो दिला त्याच्यावर हिंदुस्थान सरकार, त्यावर स्टेट सेक्रेटरी व त्यावर पार्लमेंट अशा तीन सत्ता होत्या.

शिवाय या वचनाने पुराव्याच्या किमतीवरही परिणाम होणे अटळ होते. पुराव्याच्या कायद्याप्रमाणे गुन्ह्यातील साथीदाराची साक्ष मुळातच संशयाने पाहावयाची असते. त्यातून ‘खरी’ हकीकत सांगण्यावर ज्याची नोकरी अवलंबून आहे, आणि खरे कोणते हे ठरविणारे सरकार स्वतःच फिर्यादी आहे, अशा साक्षीदाराच्या शब्दाला किती वजन द्यावयाचे? हा आक्षेप क्रॉफर्ड यांच्या पक्षाच्या दृष्टीने रास्तच होता. म्हणजे अभयवचनाच्या या पद्धतीने आरोपीवर एका प्रकारे व साक्षीदारांवर दुसऱ्या प्रकारे अन्याय होण्याचा संभव एकाच वेळी निर्माण केला. आरोपीच्या हाती त्यावर उपाय होता : उलटतपासणीचा. साक्षीदाराच्या हाती काहीच नव्हते.

मामलेदाराची कमिशनपुढील स्थिती पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. त्याच्यावर आरोपपत्र नव्हते, म्हणून त्याला आरोपांची नक्कल मिळण्याचा प्रश्न नव्हता. तो पक्षकार नव्हता, म्हणून त्याच्या वतीने वकील उभा राहण्याचे कारण नव्हते. उलटतपासणीत ‘तुम्ही लाच दिली, मग तुमच्या शब्दावर विश्वास का ठेवावा?’ असा त्याच्या चारित्र्यावर रोख धरला गेला, तरी त्याच्या बचावास साक्षीदार बोलावणारा कोणी नव्हता. क्रॉफर्ड यांच्या बाबतीत जे दोषारोप होते, तेच मामलेदाराच्या बाबतीत कबुलीजबाब होते. फरक इतकाच, की दोषारोपाला उत्तर देता येते, कबुलीला देता येत नाही.

४

कमिशनने १८८९ च्या आरंभी काम आटोपले. लाचलुचपतीचे आरोप सिद्ध होत नाहीत, परंतु आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्ज काढून क्रॉफर्ड यांनी नोकरीच्या नियमांचा भंग केला, असा त्याच्या निष्कर्षाचा मथितार्थ होता. मुंबई सरकारला हा निष्कर्ष पटला नाही. स्टेट सेक्रेटरी लॉर्ड क्रॉस यांनी लाचेच्या बाबतीत कमिशनचा निर्णय कायम ठेवला, पण क्रॉफर्ड यांना नोकरीतून दूर केले.

तर्काच्या दृष्टीने यातून एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न झाली. क्रॉफर्ड यांनी लाच घेतल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु मामलेदारांनी लाच दिल्याची त्यांचीच कबुली सरकारी दप्तरात नमूद राहिली. पैसे मधल्या दलालाने घेतले हे एक, आणि ते कमिशनरापर्यंत त्यांच्या माहितीने पोहोचले हे दुसरे. या दोन गोष्टी पुराव्याच्या दृष्टीने भिन्न आहेत, म्हणून निर्णयात विसंगती होती असे म्हणता येणार नाही. पण सामान्य माणसाच्या नजरेत लाच घेणारा सुटला आणि देणारे तेवढे उरले. ज्या चौकशीचा विषय मामलेदार नव्हतेच, तिच्या अखेरीस दोषी म्हणून डोळ्यांपुढे राहिले ते तेच.

आता त्यांच्याविरुद्ध ओरड सुरू झाली. विलायतेतील व येथील इंग्रजी वर्तमानपत्रांनी, लाच देऊन जागा मिळविल्याचे कबूल करणारे लोक मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कसे राहू शकतात, असा सवाल केला. हा सवाल निराधार नव्हता. सरकारी जागांच्या क्रयविक्रयाला बंदी करणारा सहाव्या एडवर्डच्या काळचा इंग्रजी कायदा १८०९ च्या पार्लमेंटच्या कायद्याने हिंदुस्थानासही लागू झाला होता, आणि त्याप्रमाणे जागा विकत घेणारा त्या जागेस अपात्र ठरत असे. रयतेच्या बाजूनेही या प्रश्नाला वजन होते. रनाळ्यासारख्या गावातील ज्या कुणब्याला किंवा भिल्लाला मामलेदाराच्या कचेरीत न्याय मागावयाचा, त्याला आपला न्यायाधीश विकत घेतलेल्या जागेवर बसलेला नाही, इतकी खात्री मिळण्याचा हक्क नव्हता काय? मामलेदारांची बाजू घेताना हा प्रश्न दृष्टीआड करून चालणार नाही.

तथापि त्यावर उपाय म्हणून जे घडले ते न्यायाला धरून नव्हते. जबान्या देणाऱ्या मामलेदारांत दोन वर्ग पाडण्यात आले : ज्यांच्याकडून दडपणाने पैसे उकळले गेले ते, आणि ज्यांनी स्वार्थासाठी आपण होऊन दिले ते. दुसऱ्या वर्गातील मंडळींना अधिकारपदावर ठेवू नये असे वरिष्ठ सरकारने ठरविले, आणि दिलेल्या वचनाचा नोकरीविषयीचा भाग त्यांच्यापुरता निष्फळ झाला. दिवाणी व फौजदारी दाव्यांपासून साक्षीदारांचे रक्षण करण्यासाठी १८८९ मध्येच व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अभयाचा खास कायदा करण्यात आला. म्हणजे जे वचन आधी कायद्याने द्यावयास हवे होते, त्याला मागाहून व तेही अपुरे कायद्याचे रूप मिळाले.

या वर्गीकरणातील दोष सूक्ष्म, पण मूलभूत आहे. एखाद्याने पैसे भीतीने दिले की लोभाने, हा प्रत्येक माणसाच्या बाबतीत स्वतंत्रपणे ठरवावयाचा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. त्यावर त्याची उपजीविका व नाव अवलंबून आहे. परंतु कमिशनपुढील जबान्या हा प्रश्न ठरविण्यासाठी घेतलेल्या नव्हत्या. त्या दुसऱ्याच्या अपराधाबद्दल होत्या. दुसऱ्याविरुद्धच्या चौकशीत, आपल्याविरुद्ध काही चालले आहे याची कल्पना नसताना दिलेले उत्तर पुढे स्वतःविरुद्धचा निकाल म्हणून वाचले जाणे, यासारखा न्याय्य कार्यपद्धतीचा भंग दुसरा नाही.

टिळकांनी या प्रश्नावर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून आणि पुण्याच्या जाहीर सभेत मामलेदारांची बाजू मांडली, व विलायतेतील हितचिंतकांमार्फत तो पार्लमेंटपर्यंत नेण्याची खटपट केली. त्यांच्या भूमिकेचा गाभा लाच देण्याचे समर्थन हा नव्हता. सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळला पाहिजे, हा होता. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या अब्रुनुकसानीबद्दल टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये स्वतः डोंगरीच्या तुरुंगात शिक्षा भोगलेली होती. मनुष्याच्या लौकिकाला छापील शब्दाने किती व कसा धक्का बसतो, आणि कायदा त्याची किंमत कशी वसूल करतो, याचा अनुभव या चळवळीच्या पुढाऱ्याला होता.

५

हे प्रकरण एकाकी नव्हते. त्याच्याशी दोन जुनी उदाहरणे ताडून पाहण्यासारखी आहेत.

पहिले इंग्लंडातील. लॉर्ड चॅन्सेलर मॅकल्सफील्ड यांनी चॅन्सरी कोर्टातील ‘मास्टर’च्या जागा पैसे घेऊन दिल्या, म्हणून १७२५ मध्ये पार्लमेंटपुढे त्यांच्यावर महाभियोग झाला, आणि त्यांना तीस हजार पौंड दंड ठोठावण्यात आला. तेथेही जागा विकत घेणाऱ्यांच्या साक्षीवाचून आरोप सिद्ध होण्यासारखा नव्हता. परंतु पार्लमेंटने त्या मास्टरांच्या बचावासाठी खास कायदा करून, खरी हकीकत सांगणाऱ्यांना जागाविक्रीच्या कायद्यातील शिक्षेपासून मोकळे केले. पेच तोच, पण तेथे अभय देणारी सत्ता सर्वोच्च होती, आणि तिने ते कायद्याच्या रूपाने दिले. मुंबई सरकारने १८८८ मध्ये वचन आधी दिले, आणि कायद्याचा विचार नंतर झाला. प्रकरणाच्या सगळ्या गुंत्याचे मूळ या क्रमात आहे.

दुसरे उदाहरण नंदुरबारच्या पश्चिम सीमेलगतच्या गायकवाडीतील. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर ९ नोव्हेंबर १८७४ रोजी विषप्रयोगाचा प्रयत्न झाला, असा आरोप मल्हारराव गायकवाड यांच्यावर ठेवण्यात आला. १८७५ च्या फेब्रुवारीत बसलेल्या कमिशनात सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड व मेलव्हिल हे तीन युरोपियन, आणि जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद होते. मल्हाररावांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. कामकाज उघड झाले, उलटतपासण्या झाल्या, आणि शेवटी मते तीन विरुद्ध तीन अशी दुभंगली. त्यानंतर एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले ते विषप्रयोगाच्या आरोपावरून नव्हे. कुप्रसिद्ध वर्तन व घोर अव्यवस्था या कारणांवरून. त्या अव्यवस्थेची चौकशी १८७३ मध्ये मीड यांच्याच अध्यक्षतेखालील कमिशनने केली होती हे खरे. परंतु तिच्यावरून कारभार सुधारण्यास १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिलेली होती, आणि विषप्रयोगाच्या कमिशनपुढे तो विषय नव्हता.

बडोद्याचा अधिपती आणि तालुक्याचा मामलेदार यांत अंतर फार मोठे आहे. परंतु दोघांच्या बाबतीत एकच गोष्ट दिसते. चौकशीच्या नियमांनी जे रक्षण मिळते ते आरोपपत्राच्या चौकटीतच मिळते. हानी मात्र त्या चौकटीबाहेरून येऊ शकते. मल्हाररावांवर ती चौकशीत नसलेल्या कारणाने आली, मामलेदारांवर चौकशीत आरोपी नसताना आली.

६

विसाव्या शतकातील कायद्याने ही उणीव हळूहळू ओळखली. १९५२ चा भारतीय चौकशी आयोग कायदा सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर तथ्ये शोधण्यासाठी झाला. त्याच्या सहाव्या कलमाने, आयोगापुढे दिलेली जबानी खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याखेरीज कोणत्याही दिवाणी वा फौजदारी कामात साक्षीदाराविरुद्ध वापरता येणार नाही, असे ठरविले. १८८८ च्या वचनात जे हवे होते, त्याचा बराच भाग या कलमात आला. दालमिया व इतर यांच्या उद्योगसंस्थांच्या चौकशीसाठी मुंबई हायकोर्टाचे न्या. तेंडोलकर यांचा आयोग १९५६ मध्ये नेमला गेला. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये, आयोग हा न्यायनिवाडा करीत नाही, त्याचे निष्कर्ष स्वतःहून बंधनकारक नसतात, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण याच विधानात धोकाही लपलेला आहे. जे बंधनकारक नाही त्यावर अपील नाही. आणि ज्यावर अपील नाही असा ठपका मनुष्याच्या नावाला जन्मभर चिकटून राहू शकतो. त्याच वर्षी मुंबईत न्या. छागला यांच्यापुढे मुंदडा प्रकरणाची उघड चौकशी होऊन तिच्यापाठोपाठ केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. केवळ अहवालात केवढी शक्ती असते हे त्यावरून सर्वांस दिसले.

इंग्लंडातही हाच प्रश्न उभा राहिला होता. तेथील १९२१ च्या चौकशी न्यायाधिकरणांच्या कायद्याचा फेरविचार करताना लॉर्ड जस्टिस सामन यांच्या रॉयल कमिशनने १९६६ मध्ये सहा मूलतत्त्वे सांगितली. कोणालाही चौकशीत गोवण्यापूर्वी त्याचा त्या विषयाशी संबंध असल्याची खात्री करावी. साक्षीस बोलावण्यापूर्वी त्याच्याविरुद्धचे आक्षेप व पुरावा त्यास कळवावा. तयारीची व कायदेशीर साहाय्याची संधी द्यावी. स्वतःच्या वकिलामार्फत आपली बाजू उघडपणे मांडू द्यावी. त्याचे महत्त्वाचे साक्षीदार ऐकावेत. आणि त्याच्यावर परिणाम करणाऱ्या पुराव्याची उलटतपासणी करू द्यावी. यांत मुख्य गोष्ट अशी, की ‘आरोपी’ हा शब्द बाजूस ठेवून चौकशीची झळ ज्याला लागेल असा कोणीही मनुष्य केंद्रस्थानी आणला गेला. १८८८ च्या मामलेदाराला या सहांपैकी क्वचितच एखादी गोष्ट लाभली असेल.

भारतात १९७१ च्या दुरुस्तीने १९५२ च्या कायद्यात ‘८ ब’ व ‘८ क’ ही कलमे घातली गेली. कोणाच्या वर्तनाची चौकशी करणे आवश्यक वाटले, किंवा कोणाच्या प्रतिष्ठेस बाध येण्याचा संभव दिसला, तर त्यास आपले म्हणणे मांडण्याची व बचावाचा पुरावा देण्याची वाजवी संधी देणे आयोगावर बंधनकारक झाले. उलटतपासणी व वकील यांचा हक्कही मिळाला. भिवंडी, जळगाव व महाड येथील मे १९७० च्या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मादन आयोगाचे काम चालू असतानाच ही दुरुस्ती झाली. पुढे किरण बेदी यांच्या प्रकरणी १९८९ मध्ये, आणि भागलपूर दंगलीच्या अहवालातील लालकृष्ण अडवाणी यांच्यावरील शेऱ्याबाबत २००३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या संधीचे महत्त्व अधोरेखित केले. ती न देता प्रतिष्ठेस धक्का देणारा शेरा टिकू शकत नाही, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

तरीही ‘८ ब’ कलमाच्या शेवटी एक परंतुक आहे, आणि क्रॉफर्ड प्रकरणाच्या अभ्यासकाचे लक्ष तेथे थांबल्याखेरीज राहणार नाही. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर जेथे आघात केला जात असेल, तेथे हे कलम लागू नाही. याचे व्यवहारातील कारण उघड आहे. प्रत्येक साक्षीदाराला प्रत्येक उलटतपासणीनंतर आपल्या चारित्र्याचा पुरावा देत बसू दिले, तर कोणतीही चौकशी संपणार नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो, की ज्या ठिकाणी मामलेदार सर्वांत अधिक उघडा पडला होता, त्या ठिकाणी साक्षीदार अजूनही पुरता झाकलेला नाही. सहावे कलम त्याला खटल्यापासून वाचविते. लोकनिंदेपासून वाचविणे त्याच्या आवाक्यात नाही.

७

या विवेचनावरून चौकशी आयोगच नसावेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १८८८ मध्ये मुंबई सरकार स्वस्थ बसले असते, तर मध्य विभागातील बदल्यांचा बाजार तसाच चालू राहिला असता, आणि त्याचा अंतिम भार सारा भरणाऱ्या रयतेवरच पडला असता. लाच देणारा मामलेदार दिलेला पैसा आपल्या पगारातूनच भरून काढील, असे मानण्याइतके भोळे कोणीही नव्हते. एवढ्या वरिष्ठ युरोपियन अधिकाऱ्याविरुद्ध चौकशी उघडण्याचे लॉर्ड रे यांचे धैर्यही नाकारता येत नाही. प्रश्न चौकशी हवी की नको हा नसून, तिची किंमत कोणी मोजावयाची हा आहे. सत्य बाहेर काढण्यासाठी राज्यसंस्थेला ज्याच्या कबुलीची गरज पडते, त्याला ती कोणत्या अटींवर देत आहोत हे आधी कळले पाहिजे. त्या अटी पाळण्याची शक्ती असणाऱ्या सत्तेनेच त्या घातल्या पाहिजेत. आणि त्याच्या स्वतःच्या दोषाचा निर्णय करावयाचा असेल, तर तो त्याला स्वतंत्रपणे ऐकून घेऊनच केला पाहिजे. या तीन कसोट्या १८८८ च्या चौकशीला लावल्या असता ती तिन्हींत उणी पडते.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीनेही या प्रकरणात एक इशारा आहे. चौकशी कमिशनांचे अहवाल व जबान्यांचे खंड हे आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन होय, आणि त्यांवर विसंबून अनेक प्रबंध लिहिले जातात. या खंडांतील प्रत्येक नाव कोणत्या स्थितीत तेथे आले, बोलणाऱ्याला काय वचन मिळाले होते, त्याला उत्तर देण्याची संधी होती की नव्हती, हे पाहिल्यावाचून त्यातील ठपका जसाच्या तसा उतरवून घेणे म्हणजे त्या चौकशीत राहून गेलेला अन्याय नव्याने करणे होय. आयोग एकदाच बसतो. त्याचा अहवाल मात्र प्रत्येक पिढीत पुन्हा वाचला जातो. ज्याला आपल्या हयातीत आपली बाजू मांडता आली नाही, त्याच्याविषयी लिहिताना पुराव्याच्या मर्यादा स्पष्ट सांगणे एवढी संधी तरी इतिहासकार त्याला देऊ शकतो.